मुक्काम बँकॉक : वाचकांचे प्रश्न

थायलंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी प्रश्न पाठवावेत, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. पत्रं आली ती जास्त करून बायकांची. त्यातल्या बऱ्याच पत्रांत एक वाक्य सारखं भेटलं : ‘व्हिसाचं सगळं हे बघतात’, नाहीतर ‘ते कंपनी बघते’. मीही पहिली दोन वर्षं हेच म्हणत होते, त्यामुळे हे वाक्य वाचलं की मला काळजी वाटते. पासपोर्टवर नाव आपलं असतं, विमानतळावरच्या खिडकीपाशी उभंही आपल्यालाच राहायचं असतं.

पहिलं पत्र तातडीचं आहे, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

ताई, नवऱ्याची चोनबुरीतली नोकरी या महिनाअखेर सुटते आहे. रायोंगमध्ये नवी नोकरी जवळजवळ ठरली आहे, पण पत्र अजून हातात नाही. माझा आणि मुलीचा शिक्का पुढच्या सप्टेंबरपर्यंतचा आहे. तोवर आम्हाला राहता येईल ना? — सीराचाहून एक वाचक

नाही येणार. शिक्क्यावर सप्टेंबर दिसत असला, तरी तो मुक्काम नवऱ्याच्या नोकरीच्या आधारावर दिलेला आहे. नोकरी ज्या दिवशी संपते त्याच दिवशी त्याचा मुक्काम संपतो, आणि त्याच्यावर अवलंबून असलेला तुझा आणि मुलीचाही. इमिग्रेशनमध्ये जाऊन माणशी १,९०० बात भरले तर साधारण ७ दिवसांची मुदत मिळते. सात दिवसांत घर आवरणं, शाळेचा दाखला, घरमालकाकडून डिपॉझिट, तिकिटं हे सगळं उरकणं किती अवघड आहे, ते तूच ताडून बघ. त्यापुढे राहिलं तर दिवसाला ५०० बात दंड, जास्तीत जास्त २०,००० पर्यंत. पैशापेक्षा वाईट म्हणजे पासपोर्टवर नोंद राहते, आणि ९० दिवसांच्या वर गेलं तर परत येण्यावर बंदी येते.

म्हणून जे करायचं ते नोकरी चालू असतानाच करा. नवऱ्याला सांग, शेवटच्या दिवसाची तारीख कंपनीशी बोलून ठरव आणि लेखी घे. ही तारीख बऱ्याचदा आठ-पंधरा दिवस पुढे सरकवता येते, फक्त आधी विचारावं लागतं. नव्या कंपनीचं पत्र येईपर्यंत राजीनाम्यावरची तारीख पक्की करू नका. दोन्ही कंपन्यांच्या एचआरना एकमेकींशी बोलायला लावा, म्हणजे जुनं वर्क परमिट बंद होणं आणि नवे कागद दाखल होणं यांत खंड पडणार नाही. खंड पडणारच असेल, तर मुदतीच्या आत तिघंही भारतात जा आणि तिथूनच नवा व्हिसा घेऊन या. मुंबईत थाई वकिलात आहे, अर्जही आता ऑनलाइन भरता येतो.

त्यासाठी लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला लागेल. हे दोन्ही कागद आज कुठे आहेत? माझ्या ओळखीच्या चार घरांत ते गावाकडच्या कपाटात होते आणि किल्ली सासूबाईंकडे. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे लग्नाच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव असतं आणि पासपोर्टवर सासरचं. समोरच्या थाई अधिकाऱ्याला या दोन वेगळ्या बायका वाटल्या, तर त्यात त्याची चूक नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून ठेव, आणि दाखल्यांवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन करून घे. हे भारतात असताना सोपं जातं, इथे बसून फार वेळखाऊ होतं.

आता माझं सांगते. २००९ साली मिरजेहून रात्री फोन आला की वडील गेले. पहाटेच्या विमानाने चार वर्षांच्या मुलाला घेऊन निघाले. व्हिसाला अजून आठ महिने होते, म्हणून दुसरा काही विचार मनात आला नाही. तेराव्यानंतर परत आले तेव्हा सुवर्णभूमी विमानतळावर कळलं की रीएंट्री परमिट न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की उरलेला मुक्काम रद्द होतो. आम्हा दोघांना पंधरा दिवसांचा शिक्का मिळाला. त्यातच नवऱ्याने नव्याने कागद जमवले, आणि रात्रीच्या रेल्वेने नाँग खाय या सीमेवरच्या गावी जाऊन, पूल ओलांडून, लाओसमध्ये व्हिएनतियानच्या थाई वकिलातीतून मी दोघांचे व्हिसा आणले. वडिलांचं दुःख करायलाही त्या महिन्यात वेळ मिळाला नाही. ते मला आजही लागतं.

म्हणून वार्षिक मुदतवाढ मिळाली की त्याच दिवशी, त्याच कार्यालयात रीएंट्री परमिट घ्या. एकदाच जाऊन यायचं असेल तर १,००० बात, वर्षभर कितीही वेळा जाण्यासाठी ३,८००. ज्यांचे आईवडील भारतात आहेत त्यांनी ३,८०० वालंच घ्यावं. ऐन वेळी राहून गेलं, तर सुवर्णभूमीवर निघण्याच्या बाजूलाही काउंटर आहे. तिथे फोटो आणि रोख पैसे घेऊन वेळ हाताशी ठेवून जा.

घरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक माणसाच्या तारखा वेगवेगळ्या लिही : मुक्कामाची मुदत, नव्वद दिवसांची हजेरी (म्हणजे दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवणं) आणि पासपोर्टची मुदत. नव्वद दिवसांची हजेरी तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत देता येते, त्यानंतर २,००० बात दंड. मध्येच देशाबाहेर जाऊन आलं की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. पासपोर्टचं कारण असं की तो मार्चमध्ये संपणार असेल, तर मुदतवाढही मार्चपर्यंतचीच देतात. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, हे हमखास विसरतं.

घरी बसून कंटाळा येतो. सोसायटीतल्या दोन-तीन मराठी मुलांना डबे हवे आहेत. महिन्याचे पैसे ठरवून देऊ का? — बँकॉक, ऑन नुत

देऊ नका. तुमच्या हातच्या जेवणाची त्या मुलांना किती गरज असेल हे मला समजतं, तरीही. डिपेंडंट म्हणून मिळालेल्या मुक्कामावर काम करता येत नाही, आणि इथला कायदा ‘काम’ हा शब्द फार रुंद अर्थाने घेतो. पैसे न घेता एखाद्या संस्थेत शिकवायला गेलात तरी परमिट लागतं. परमिटाशिवाय काम करताना सापडलं तर ५,००० ते ५०,००० बात दंड, देशाबाहेर रवानगी, आणि पुढे दोन वर्षं वर्क परमिट नाही. तक्रार करायला शेजारचा एक माणूस पुरतो.

रीतसर व्यवसायाला कंपनी लागते. साधारण हिशेब असा की एका परदेशी माणसाच्या परमिटामागे वीस लाख बात भांडवल आणि चार थाई कर्मचारी. दोन-तीन डब्यांसाठी हे कुणी करणार नाही. त्या मुलांना रविवारी घरी जेवायला बोलवा. पाहुण्याला जेवू घालायला कुठल्याच देशात परवाना लागत नाही. आणि काम करायची इच्छा खरी असेल, तर नोकरी शोधून स्वतःच्या नावाचा व्हिसा घ्या. मी आठव्या वर्षी तेच केलं. तेव्हापासून माझ्या मुक्कामाचा माझ्या नवऱ्याच्या नोकरीशी संबंध उरला नाही. त्याचा आधार त्यालाही वाटला, कारण मधे एकदा त्याची नोकरी गेली तेव्हा तो माझ्या मुक्कामावर इथे राहिला.

सातवा महिना आहे. बाळंतपण इथेच करायचं ठरवलंय. बाळाच्या कागदांचं काय काय असतं? — नोन्थाबुरी

अभिनंदन, आणि आत्ताच विचारलंस हे बरं केलंस.

इथे जन्मलं म्हणून बाळ थाई नागरिक होत नाही. हॉस्पिटल जन्माचा कागद देईल, तो घेऊन १५ दिवसांच्या आत तुमच्या भागाच्या जिल्हा कार्यालयात नोंद करायची. बँकॉकमध्ये त्याला ‘खेत’ म्हणतात, बाहेर ‘आम्फो’. तिथला दाखला थाईत मिळतो आणि त्यावर वर्ष बौद्ध शकातलं असतं, म्हणजे २०२५ च्या जागी २५६८. त्याचं इंग्रजी भाषांतर करून चेंग वत्तनाला परराष्ट्र खात्याच्या वाणिज्य दूत विभागातून ते प्रमाणित करून घ्यायचं. मग सुखुमवित सोई २३ वरच्या आपल्या दूतावासाकडे जन्मनोंदणी आणि पासपोर्ट. दूतावासातली नोंद एका वर्षाच्या आत व्हायलाच हवी, कारण भारतीय नागरिकत्व त्या नोंदीवर टिकतं. पासपोर्ट आला की बाळाचा मुक्कामाचा शिक्का.

यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावात. थाई बोलण्यात ‘ग’ हा उच्चार नाही, ‘ळ’ चा ‘ल’ होतो, आणि शब्दाच्या शेवटी ‘स’ आला तर तो ‘त’ सारखा ऐकू येतो. नर्स ऐकून लिहील ते नाव आणि तुमच्या मनातलं नाव यांत त्यामुळे फरक पडतो. बारशापर्यंत थांबायची आपली पद्धत इथे सांभाळता येत नाही. नाव आधीच ठरवा, इंग्रजी स्पेलिंग मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून हॉस्पिटलच्या पिशवीत ठेवा, आणि आईवडिलांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच अक्षर न् अक्षर उतरवायला लावा. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून एखाद्या थाई मैत्रिणीकडून मोठ्याने वाचून घे. बारसं नंतर थाटात करा, मला पेढे पाठवा.

आणखी एक. नवऱ्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षेचे पैसे कापले जातात, पण त्यात उपचारांची सोय त्याची असते. त्या योजनेच्या हॉस्पिटलात तुझं नाव आपोआप नसतं. खर्चाचं अंदाजपत्रक आताच लेखी मागून घे.

मी ५८ वर्षांचा, निवृत्त. आम्हा दोघांना चियांग माईत कायमचं राहायचं आहे. तिथल्या एका दलालाने सुचवलं की थाई भागीदारांच्या नावे कंपनी काढून बंगला घ्यावा. योग्य आहे का? — ठाणे

बंगल्याचं आधी सांगते. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन घेता येत नाही. नावापुरते थाई भागीदार उभे करून कंपनीमार्फत घेणं बेकायदा आहे आणि त्याची चौकशी होते. आयुष्यभराची पुंजी अशा कागदावर ठेवू नका. फ्लॅट मात्र स्वतःच्या नावावर घेता येतो, इमारतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी मालकी चालते. पैसे बाहेरून परकीय चलनात आणल्याचा बँकेचा कागद जपून ठेवावा लागतो.

पण तुम्ही पहिली दोन वर्षं भाड्यानेच राहा, आणि त्यातला फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ चियांग माईतच काढा. त्या महिन्यांत शेतं आणि रानं जाळल्याचा धूर दरीत साचतो, डोंगर दिसेनासे होतात. नोव्हेंबरात आठ दिवस राहून ज्यांनी घर घेतलं, त्यांना मी मार्चमध्ये मास्क लावून रडकुंडीला आलेलं पाहिलं आहे. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर हुआ हिनसारखं समुद्राकाठचं गाव बघा.

पन्नाशीनंतरच्या निवृत्ती-मुदतवाढीसाठी थाई बँकेत ८ लाख बात हवेत, नाहीतर महिन्याला ६५,००० बात उत्पन्न. पैसे अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने तसेच राहायला हवेत, नंतरही ४ लाखांखाली जाता कामा नये. म्हणजे ही रक्कम अडचणीत वापरता येणार नाही, असं धरूनच हिशेब करा. आरोग्य विमा साठीच्या आत घ्या, पुढे मिळणं कठीण होत जातं. वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहिलात की इथे करासाठी रहिवासी ठरता, आणि २०२४ पासून बाहेरचं उत्पन्न इथे आणलं की ते हिशेबात धरतात. दुहेरी कर टाळण्याचा भारत-थायलंड करार आहे, पण दोन्हीकडचं कळणाऱ्या सीएला निघण्याआधी भेटा. भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी खातं, करायचंही तेव्हाच.

झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या काही गोळ्यांना इथे परवानगी लागते, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. मुलगा भेटायला येताना व्हेप आणणार असेल तर त्याला घरीच ठेवायला सांगा. इथे ते बेकायदा आहे.

आम्ही शाकाहारी. ‘व्हेज’ म्हणून सांगितलं तरी जेवणात वास येतो. काय करावं? — फुकेत

तो वास माशाच्या पाण्याचा, ‘नाम प्ला’चा. इथल्या स्वयंपाक्याच्या लेखी ते मिठासारखं आहे, त्यात मासा आहे हे त्याच्या मनातही येत नाही. ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे नाम प्ला घालू नका. तसंच ‘माय साय कापी’, कापी म्हणजे कोळंबीची चटणी. ती मिरचीच्या वाटणात आधीच असते. सोम ताम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, तिच्या गाडीवर मात्र कुटायच्या आधी बोला.

शाकाहाराला इथे ‘मांगसविरत’ म्हणतात. नीट ऐकलंत तर ती आपली ‘मांसविरती’ आहे. त्यात अंडं चालतं. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान दिसलं तर बिनधास्त आत जा. तिथे मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं, कांदा-लसूणसुद्धा नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या सासूबाई सहा महिने राहिल्या त्या ‘जे’च्या भरवशावर. आणि तुम्ही तर फुकेतला आहात. चिनी नवव्या महिन्यातल्या नऊ दिवसांच्या उत्सवात अख्खं गाव ‘जे’ खातं. आपल्या नवरात्राच्या आसपासच येतो तो. त्या दिवसांत जुन्या गावातल्या देवळाबाहेरच्या गाड्यांवर जा, आणि जिच्या हातचं आवडेल तिला वर्षभराचं गिऱ्हाईक म्हणून आपली ओळख करून द्या.