वाचकांचे प्रश्न : मॉरिशसच्या समुद्रात मार्लिनच्या मागावर

प्रश्न : येत्या डिसेंबरात आम्ही चौघे भाऊ मॉरिशसला जाणार आहोत. लहानपणापासून खाडीत गळ टाकण्याची सवय असल्याने तेथे बोट भाड्याने घेऊन मार्लिन (भाल्यासारखी चोच असलेला मोठा समुद्री मासा) धरावा, असा बेत आहे. हंगाम योग्य आहे का आणि धरलेला मासा आमचा होईल का? धाकट्याला बोट लागते, त्याचे काय करावे? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मासा कोणाचा, हे आधी सांगतो, कारण कुरबुरी बहुधा त्यावरूनच होतात. आपल्याकडे ज्याचा गळ त्याचा मासा. मॉरिशसमध्ये मात्र भाडे तुम्ही भरले तरी मासा सहसा बोटीचा मानला जातो. तो बाजारात जातो, आणि धुरी दिलेला मार्लिन तेथे आवडीने खाल्ला जात असल्याने त्याला गिऱ्हाइकही असते. जेवणापुरता तुकडा हवा असल्यास किंवा मासा जिवंत सोडायचा असल्यास ते पैसे भरण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

माझे मत विचाराल तर सोडावा. प्रचंड वाढलेले मार्लिन जवळजवळ सगळे माद्याच असतात, म्हणजे पुढची वीण त्यांच्यावरच असते. सोडताना मासा फोटोसाठी बोटीवर ओढू नये. खलाशी त्याची चोच धरून त्याला पाण्यातच ठेवतो आणि तांडेल बोट हळूहळू पुढे नेतो, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहते आणि दमलेल्या माशाला पुन्हा बळ येते.

हंगाम तुम्ही नेमका साधला आहे. साधारण नोव्हेंबर ते मार्च हे निळ्या मार्लिनचे दिवस. बेटाच्या नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हर आणि ल मोर्नच्या बाजूला प्रवाळाच्या कड्यापलीकडे तळ झपाट्याने खोल जात असल्यामुळे तासन्‌तास प्रवास करावा लागत नाही. (याच ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात कास्कावेल येथे जुनी मराठी वस्ती आहे, जमल्यास जाऊन या.) मात्र चक्रीवादळांचा काळही हाच असतो, तेव्हा हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळणार की तारीख बदलून मिळणार, हे लेखी घ्यावे.

खाडीतल्या गळाची सवय येथे फारशी उपयोगी पडणार नाही. येथे बोट थांबत नाही. ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास वेगाने चालत राहते आणि मागे माखलासारखी झालर असलेली खोटी आमिषे फेसातून उसळत येतात. चार-चार तास काहीच घडत नाही, आणि मग एकाएकी मासा आमिष ओढतो व रीळ (दोरी गुंडाळलेले चाक) किंचाळू लागते. खलाशी बाकीच्या दोऱ्या गुंडाळतात, एकाला खुर्चीत पट्ट्याने बांधतात, आणि पुढची लढत तासाभराहून अधिक चालू शकते. आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेच्या (गळाने धरलेल्या माशांचे विक्रम नोंदवणारी संस्था, स्थापना 1939) नियमांनुसार लढत चालू असताना दुसऱ्या कोणी रॉडला हात लावला, तर तो मासा विक्रमासाठी धरला जात नाही. तुम्हाला विक्रम करायचा नाही. तरीही खुर्चीत कोणी कोणत्या क्रमाने बसायचे, हे चौघांनी धक्क्यावरच ठरवावे. रीळ वाजू लागल्यावर भाऊबंदकीला वेळ नसतो.

धाकट्या भावासाठी पूर्ण दिवसाऐवजी अर्ध्या दिवसाची फेरी घ्या. बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी द्यावी, कारण मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. डिझेलचा धूर येतो तेथे त्याला बसवू नये, मोबाइलमध्ये डोके घालू देऊ नये, आणि किनारा किंवा क्षितिज त्याच्या नजरेसमोर राहील अशी जागा द्यावी.