एकच सीमा, तीन धमक्या

चि. … हिस अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा हातात लाल पेन घेऊन. आक्रमणाची धमकी आली तर बाहेरच्या देशांनी काय करावं, याचं उत्तर तू चौथ्या पानावर देऊन मोकळी झालीस: तीव्र निषेध, सुरक्षा परिषदेची बैठक, मग आर्थिक निर्बंध. मार्क चांगले पडतील. पण हे तिन्ही उपाय आक्रमण होऊन गेल्यावरचे आहेत गं. बैल गेला आणि झोपा केला. धमकी म्हणजे बैल अजून गोठ्यात असतानाचा काळ, आणि त्या काळाला तुझ्या चौदा पानांत जेमतेम दीड परिच्छेद मिळालाय.

म्हणून सांगतो, युक्रेन आणि तैवान सध्या बाजूला ठेव. रोज नवी बातमी येते आणि आपलं मत तिच्यामागे धावत सुटतं. त्याऐवजी इराक-कुवेतची सीमा घे. तेहतीस वर्षांत या एकाच सीमेवर तीनदा धमकी आली: १९६१, १९९० आणि १९९४. दोनदा आक्रमण झालं नाही, एकदा झालं.

१९६१ पासून सुरू कर, कारण ते कुणी वाचत नाही. १८९९ च्या करारामुळे कुवेत ब्रिटनच्या छत्राखाली होतं. (आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेले खास रुपये कुवेतच्या बाजारात त्याच वर्षापर्यंत चालत होते. आज हे कुणाला खरं वाटत नाही.) १९ जून १९६१ ला तो करार संपला आणि कुवेत स्वतंत्र झालं. मात्र त्याच दिवशीच्या पत्रव्यवहारात एक वाक्य घालून ठेवलं होतं: कुवेतने मागितली तर ब्रिटन मदतीला तयार राहील. सहाच दिवसांनी इराकचे पंतप्रधान अब्दुल करीम कासिम यांनी बगदादला पत्रकारांसमोर जाहीर केलं की कुवेत हा इराकचाच, बसरा प्रांताचा भाग आहे. ३० जूनला कुवेतच्या शेखांनी रीतसर मदत मागितली. दुसऱ्याच दिवशी, धुळीच्या वादळात आणि जुलैच्या उन्हात, 'बुलवर्क' जहाजावरचे मरीन कमांडो कुवेतमध्ये उतरले. आठवड्याभरात ब्रिटिशांची संख्या पाच हजारांवर गेली. कासिम आले नाहीत.

इथवर ती नुसती शौर्यकथा झाली. तू पुढचं वाच. सुरक्षा परिषदेत ब्रिटनच्या ठरावावर सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. अरब जगात ओरड सुरू झाली की इंग्रज दारातून गेले आणि खिडकीतून परत आले. ओरडण्यात तथ्य होतं. सुएझ कालव्यासाठी ब्रिटनने इजिप्तवर हल्ला केला त्याला पाचच वर्षं झाली होती. तेव्हा २० जुलैला अरब लीगने कुवेतला सदस्य करून घेतलं, आणि त्यासोबत व्यवहार ठरला: ब्रिटिशांनी जायचं, त्यांच्या जागी अरब देशांचं सैन्य यायचं. सौदी, इजिप्त, जॉर्डन, सुदान, ट्युनिशिया इथले सैनिक आले आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश निघून गेले. पुढे कासिम सत्तेवरून गेले, मारले गेले, आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये बगदादच्या नव्या सरकारने कुवेतला मान्यता दिली.

मला यात सैन्य उतरवण्यापेक्षा सैन्य काढून घेणं मोलाचं वाटतं. मदतीला आलेला पाहुणा ओसरीवरच मुक्काम ठोकून बसला की धमकी देणाऱ्याच्या बोलण्याला लोक मान डोलवायला लागतात. जाण्याची वाट आधीच दिसत असेल तर येण्याला वजन येतं.

आता एक अडचणीची गोष्ट. कासिम खरंच येणार होते का? याबद्दल इतिहासकारांना दाट शंका आहे. इराकी सैन्य सीमेकडे हलल्याचे पुरावे फार कच्चे होते. मग ब्रिटनने साप म्हणून भुई धोपटली की खरोखर साप पळवला? ठरवता येत नाही. वचक यशस्वी झाला तर त्याचा पुरावा मागे राहत नाही; न झालेल्या युद्धाचा पंचनामा कोण करणार? या क्षेत्रात काम करायचं असेल तर हे आत्ताच पचवून ठेव. बरोबर सल्ला दिलास तर लोक म्हणतील, उगाच घाबरवलं.

१९९० बद्दल लिहिताना मात्र माझा हात जड होतो. इराणशी आठ वर्षं लढून इराक कर्जात बुडाला होता, त्यातलं मोठं कर्ज कुवेत आणि सौदीचं. तेलाचे भाव पडलेले. जुलैच्या मध्याला सद्दाम हुसेन यांनी उघड आरोप केला की कुवेत ठरल्यापेक्षा जास्त तेल काढतं, सीमेवरच्या रुमैला तेलक्षेत्रातून आमचं तेल चोरतं. रिपब्लिकन गार्ड या सद्दामच्या खास फौजेच्या तुकड्या सीमेकडे सरकल्या. यावेळी पुरावे कच्चे नव्हते, उपग्रहांना रणगाडे दिसत होते. आणि बाहेरचे काय करत होते? २४ जुलैला अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्यांनी सांगितलं की कुवेतशी आमचा संरक्षण करार नाही. २५ तारखेला सद्दामनी राजदूत एप्रिल ग्लास्पी यांना अचानक बोलावलं. इराकने नंतर छापलेल्या इतिवृत्तानुसार, अरबांच्या आपसांतल्या तंट्यांवर आमचं काही मत नाही, असं त्या म्हणाल्या. वाद शांततेनेच सोडवा असं बजावल्याचं त्यांनी पुढे सिनेटसमोर सांगितलं. लोक सगळं खापर त्यांच्यावर फोडतात. मला ते पटत नाही. राजदूत वॉशिंग्टनने दिलेलं वाक्य बोलतो, आणि वॉशिंग्टनकडे त्या दिवशी वाक्यच नव्हतं. तीन दिवसांनी खुद्द अध्यक्ष बुश यांचा निरोप गेला, तोही मऊच.

इतका मऊपणा का? इजिप्तचे मुबारक, जॉर्डनचे राजे हुसेन, सौदी, सगळे सांगत होते की हे नुसतं गुरगुरणं आहे, तुम्ही मध्ये पडून चिघळवू नका. ज्यांना धोका वाटत होता त्यांचा अंदाजही असा की सद्दाम फार तर रुमैला आणि कुवेतचं बुबियान बेट घेतील. म्हणजे बांध कोरतील, अख्खं वावर गिळणार नाहीत. संयुक्त अरब अमिरातीने अमेरिकेकडे छोटा हवाई सराव मागितला, तो झालाही. कुवेतने काहीच मागितलं नाही.

१ ऑगस्टच्या रात्री मी मुंबईत एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. उपपंतप्रधान देवीलाल यांना मंत्रिमंडळातून काढल्याची बातमी होती; पहिलं पान त्यांचंच. इराक-कुवेतची जेद्दाहमधली बोलणी फिसकटल्याची बातमी टेलिप्रिंटरवर आली तेव्हा मी तिला आतल्या पानावर एक कॉलम दिला. पुढची फेरी बगदादला होणार, असं तिच्यात होतंच; मुबारकांवर मीही विसंबलो होतो. पान सोडून घरी गेलो. आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजत होते तेव्हा इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले.

त्यानंतर तुझ्या चौथ्या पानावरचं सगळं झालं. त्याच दिवशी निषेधाचा ठराव ६६०, चार दिवसांत निर्बंधांचा ठराव ६६१. सद्दाम हलले नाहीत. एकदा घेतलेलं सोडायचं म्हणजे घरच्यांसमोर नाक कापून घ्यायचं. न घेतलेलं मात्र गुपचूप सोडून देता येतं. ही वेळ निघून गेली म्हणून पाच लाखांवर अमेरिकी सैन्य आखातात आलं, युद्ध झालं, सहाशेवर तेलविहिरी पेटल्या.

१९९४ थोडक्यात सांगतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तेच गार्ड पुन्हा दक्षिणेला सरकले. यावेळी अमेरिकेची सामग्री कुवेतमध्ये आधीपासून ठेवलेली होती, माणसं लगोलग विमानाने आली, आणि काही दिवसांतच इराकने माघार जाहीर केली. १५ ऑक्टोबरच्या ठराव ९४९ ने त्यांना पुन्हा दक्षिणेत सैन्य वाढवायला बंदी केली. नोव्हेंबरमध्ये इराकने कुवेतची सीमा मान्य केली. तेच सद्दाम, तोच हेका. बदललं होतं ते समोर दिसणारं चित्र. पण त्या मान्यतेच्या बदल्यात इराकला काय मिळालं, हेही शोध. निर्बंध उठतील ही त्यांची आशा होती. ते आणखी वर्षानुवर्षं चालले आणि त्यांचा चटका सद्दामना कमी, बगदादच्या सामान्य घरांना जास्त बसला. धमकावणाऱ्याला परतायला वाट ठेवायची असते, ती १९९४ ला कुणी ठेवली नाही असं माझं मत आहे. तुला वेगळं दिसलं तर तसं लिही.

तू भारताचा उल्लेख एका ओळीत उरकलास, 'भारताने तटस्थ भूमिका घेतली' म्हणून. तटस्थ कसली? कुवेतमध्ये आपली दीड लाखांवर माणसं अडकली होती. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांची चूल तिकडच्या पैशांवर पेटायची. परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला गेले, सद्दामनी त्यांना मिठी मारली, त्या फोटोवर टीका झाली. पण मग जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाची विमानं दोन महिने लोकांना आणत राहिली. ज्याची माणसं दुसऱ्याच्या मुठीत आहेत त्याची जीभ जड होते, याला तटस्थता म्हणू नकोस. धमकीच्या काळातच माणसं बाहेर काढायची तयारी असेल तर बोलायलाही मोकळीक राहते. २०२२ मध्ये युक्रेनमधल्या आपल्या मेडिकलच्या पोरांच्या बाबतीत हेच झालं. बहुतेक जण युद्ध सुरू झाल्यावरच निघाले.

आणि १९६१ च्याच डिसेंबरमधलं गोवा विसरू नकोस. पोर्तुगालने ब्रिटनला जुन्या तहांची आठवण करून दिली, ब्रिटन आलं नाही. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार तेव्हा आपल्या बाजूने पडला. आपण त्याला मुक्ती म्हणतो, आणि मीही म्हणतो. तरी तुझ्या परीक्षकाने विचारलं की कुवेतला एक न्याय आणि गोव्याला दुसरा का, तर उत्तर तयार हवं. शेखांनी स्वतःच्या देशासाठी मदत मागितली होती. लिस्बन, म्हणजे पोर्तुगाल, मागत होतं ते साडेचारशे वर्षांपूर्वी बळकावलेल्या वसाहतीसाठी. हे उत्तर मला पुरेसं वाटतं, पण तू ते तासून बघ.

आता चौथं पान काढून टाक आणि त्या जागी एक पत्र लिही. तारीख घाल ३० जुलै १९९०. लिहिणारा कुवेतचा परराष्ट्रमंत्री. अमेरिकेकडे नेमकं काय मागायचं, किती माणसं, किती दिवसांसाठी, शेजाऱ्यांना काय सांगायचं, कर्जाच्या बाबतीत इराकला काय देऊ करायचं, हे सगळं दोन पानांत बसव. रविवारी सकाळी ये. मी सद्दामच्या बाजूने वाचेन.

तुझे सर