विदर्भातल्या खेड्यात, उन्हाळ्यात घरच्या घरी हलकी इंग्लिश एल बनवता येईल का? कूलर आहे, लहान फ्रीज आहे.

एलचा, म्हणजे त्या बीअरचा नाद सोडा. परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वर्धा-गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ऊन आडवं येतं. इंग्लिश एलच्या यीस्टला १८ ते २० अंश लागतात. आंबताना द्रव स्वतःच तीन-चार अंशांनी तापतो. ४४ अंशांच्या दुपारी कूलरसमोर ठेवलेलं भांडंही तिशीच्या खाली टिकत नाही, आणि तिथे यीस्ट थिनरसारखा वास सोडतं. तो वास नंतर कशानेच जात नाही.

तुम्हाला खरं तर हवंय ते थंड, झणझणीत, बुडबुड्यांचं पेय. मग इंग्लंडचीच जुनी जिंजर बीअर करा. नावात बीअर असली तरी ती अद्रक, साखर आणि लिंबाची. वायू धरण्यापुरतीच आंबवायची, आणि तिला आपली उष्णता चालते.

आधी विरजण. स्वच्छ बरणीत पाव लिटर पाणी, एक मोठा चमचा किसलेली अद्रक, एक मोठा चमचा साखर. अद्रक धुवा, पण सोलू नका. यीस्ट आणि आंबट करणारे जिवाणू सालीवरच असतात. म्हणूनच सुंठ चालत नाही. तोंडाला फडकं बांधा आणि रोज एकेक लहान चमचा अद्रक-साखर घालून हलवा. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांत फेस धरतं, थंडीत आठवडा लागतो. फेस आलाच नाही तर बहुतेक वेळा पाण्यातलं ब्लीचिंग कारण असतं. नळाचं पाणी उघड्या भांड्यात पंधरा मिनिटं उकळून गार करून वापरा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, बरणी माठाशेजारी ओल्या वाळूत ठेवा. ४० अंशांच्या वर यीस्ट दमतं, जिवाणू शिरजोर होतात आणि द्रवाला तार सुटते. तार सुटलेलं किंवा केसाळ बुरशी धरलेलं विरजण सरळ फेकायचं, वरवर काढून चालवायचं नाही.

आता तीन लिटरचं माप. स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाण्यात १२० ग्रॅम किसलेली अद्रक दहा मिनिटं उकळा, २४० ग्रॅम साखर विरघळवा, मग दोन लिटर गार पाणी घाला. पितळी भांडं नको, लिंबाने ते कळकतं. द्रव हाताला कोमटही लागेनासा झाला की गाळून चार कागदी लिंबांचा रस आणि १५० मिली गाळलेलं विरजण घाला. घाई केलीत तर गरम पाण्यात विरजण मरतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी मुळीच वापरू नका. त्यातला क्षार लिंबाची आंबटी खाऊन टाकतो आणि पेय मचूळ लागतं. फिल्टरचा कॅन आणा. गूळ चवीला ५० ग्रॅमपर्यंत बरा, सगळा गूळ घातला तर खारट झाक येते.

बाटल्यांकडे नीट लक्ष द्या. सोड्याच्या प्लास्टिकच्या एक लिटरच्या चार बाटल्या घ्या, वर चार बोटं जागा सोडा, झाकण घट्ट लावा. काच नको. हिशोब असा: लिटरभर द्रवात ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण एक लिटर वायू होतो. चांगल्या बुडबुड्यांना ८ ग्रॅम पुरतात, आणि तुम्ही तर ८० घातलेत. उरलेली आंबू दिलीत तर काच फुटून डोळ्यात जाईल. प्लास्टिक हाताला सांगतं. दर तीन तासांनी दाबून बघा. दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात याला बारा-पंधरा तास पुरतात, कधी आठसुद्धा. रात्री भरून सकाळी विसरलात तर सकाळची निरा दुपारी शिंदी व्हावी, तसंच होणार. वेळेवर थांबवलेल्या बाटलीतही अर्ध्या टक्क्याच्या आसपास मद्य असतं. घरात कुणी अजिबात न घेणारं असेल, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर त्यांना आधी सांगा. त्यांच्यासाठी विरजण न घालता हाच पाक सोड्यात मिसळा.

वीज सहा तास गेली तर फ्रीजमधल्या बाटल्या पुन्हा आंबू लागतात. झाकण किंचित सैल करून वायू सोडा, परत घट्ट लावा. बाटली फ्रीजमध्ये चार-पाच दिवसच ठेवा. पुढे गोडी जाते आणि मद्य वाढतं. उघडताना मोरीत धरा आणि झाकण थोडं थोडं फिरवा, अद्रकीचा गाळ एकदम वर येतो. उरलेल्या विरजणाला दर आठवड्याला चमचाभर अद्रक-साखर द्या, फ्रीजमध्ये ते पावसाळ्यापर्यंत टिकतं.