“पुन्हा पडले तर?”

साठी ओलांडलेली माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सतत येतात. हाड केव्हाच जुळलेलं असतं, भीती मात्र अंगात मुरलेली असते.

या काकू ७१ वर्षांच्या. न्हाणीघरात घसरून मनगट मोडलं होतं. ते बरं झालं, पण त्यानंतर वर्षभर भाजी आणायलाही त्या खाली उतरल्या नव्हत्या. मुलगा म्हणायचा, “आई, रिपोर्ट नॉर्मल आहेत, उगाच घाबरतेस.”

पहिल्या तीन भेटी आम्ही नुसतं बोललो. त्यांना सगळं पटायचं, तरी उठताना हात टेबलाकडे जायचाच. मी त्यांची चाल बघत राहिले. नजर जमिनीवर, खांदे वर चढलेले, श्वास रोखलेला, पावलं फरफटत. अशा आखडलेल्या अंगाचा तोल लवकर जातो. पडायची तयारी भीतीच करून देत होती.

चौथ्या भेटीत त्यांना खुर्चीच्या पाठीला धरून उभं केलं.

“काकू, आत्ता वजन कोणत्या पायावर आहे?”

बराच वेळ त्या गप्प. मग म्हणाल्या, “अहो, हे कधी बघितलंच नाही.”

तिथेच मला वाट दिसली. मी स्वतः बरीच वर्षं ताय ची करते. त्यात एक पाय ‘भरलेला’, दुसरा ‘रिकामा’. वजन पूर्ण सरकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. चीनच्या हेनान प्रांतातल्या चेनजियागोउ गावाची ही जुनी युद्धकला. १९५६ साली चीनच्या क्रीडा खात्याने २४ हालचालींचा सोपा संच बसवला, आणि ती बागाबागांत पोचली. पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, १९५ रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताय ची केलेल्यांचा तोल सुधारला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. मनाचंही तेच. लक्ष तळपायात गेलं की ‘तर’ला जागा उरत नाही.

अडीच महिन्यांनी काकू आल्या त्या बसायच्या आधीच सांगू लागल्या, “काल न्हाणीघराच्या उंबरठ्यापाशी थांबले. डावा रिकामा केला, मग उचलला. भिंत धरायची राहूनच गेली!”

माझे डोळे भरून आले. बोलण्यावर माझा विश्वास आहेच, पण अंगात बसलेली भीती अंगातूनच उतरते, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

घरच्यांनी ‘घाबरू नकोस’ म्हणणं सोडावं आणि शेजारी उभं राहून सोबत करावी. काकूंचा मुलगा आता रविवारी गॅलरीत तेच करतो. हाडं ठिसूळ असतील किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. शिकायचं ते माणसासमोर, व्हिडिओ नंतर. गुडघे थोडेच वाकवा, बोटांच्या पुढे नेऊ नका. न्हाणीघरात दांडा बसवाच, ताय ची त्याच्या बदल्यात नाही. आणि पहिला महिना एक भक्कम खुर्ची हाताशी असू द्या, चाकांची नको.