डिझायनर आहे, मग वेबसाइटचा कोड हाताने कशाला लिहू?

ड्रॅग-ड्रॉपची एवढी टूल्स असताना डिझायनरने एचटीएमएल (पानात काय आहे ते सांगणारा कोड) आणि सीएसएस (ते कसं दिसावं ते सांगणारा कोड) शिकायची गरज काय, असं तुम्ही विचारलंय. मी फोंड्यात राहतो, होमस्टे, देवस्थानं, नाट्यमंडळं अशांच्या साइट्स करतो आणि सगळा कोड हातानेच लिहितो, म्हणून माझी कारणं सांगतो.

सगळ्यात मोठं कारण मराठी. इंग्रजीवर बेतलेल्या टेम्प्लेटमधे मराठी मजकूर टाकून बघा, हेडिंगची लाइन-हाइट, म्हणजे ओळींमधलं अंतर, इतकी घट्ट असते की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर आपटतो, आणि कोणी स्टाइल म्हणून लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधे जास्तीची जागा) दिलं असेल तर शिरोरेघच तुटते, अक्षरं सुटी सुटी दिसायला लागतात. डिझाइनच्या चित्रात हे कळत नाही कारण तिथे आपण दोन सोयीचे शब्द टाकलेले असतात. शिवाय पानाची भाषा मराठी आहे हे कोडमधे लँग अ‍ॅट्रिब्यूटने (भाषा सांगणाऱ्या छोट्या नोंदीने) सांगितलं की ज्या फॉन्टात सोय असते तो आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतो, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. एवढीशी गोष्ट, पण आजोबांच्या वयाचा माणूस पंचांग वाचताना त्याला ते लगेच खटकतं! अक्षर कसं दिसावं हे ठरवणं डिझायनरचंच काम ना, मग ते दुसऱ्यावर का सोडायचं?

दुसरं म्हणजे चित्र एका मापाचं असतं आणि स्क्रीन हजार मापांच्या. 2017 साली सगळ्या मोठ्या ब्राउझरमधे सीएसएस ग्रिड, म्हणजे पानाची मांडणी रांगा-कॉलमात करायची सोय, आलं, तेव्हापासून 'कॉलम कमीत कमी एवढा रुंद ठेव, मावतील तेवढे बसव, उरलेली जागा वाटून दे' हे एका ओळीत सांगता येतं. पाच वेगळी चित्रं काढण्यापेक्षा असा नियम लिहिणं मला जास्त खरं डिझाइन वाटतं, आणि बऱ्याच कल्पना तर लिहिता लिहिताच सुचतात.

आणि पानाचं वजन, म्हणजे ते उघडायला किती डेटा लागतो. जत्रेच्या रात्री गावात टॉवरवर एवढा लोड असतो की साधा मेसेज जात नाही, आणि नेमकं तेव्हाच लोक पालखी कधी निघणार ते फोनवर शोधतात. स्लायडर, अ‍ॅनिमेशन, न लागणाऱ्या स्क्रिप्ट्स असलेलं पान तिथे नुसतं फिरत बसतं. हाताने लिहिलेलं, फोटो नसलेलं वेळापत्रकाचं पान काही किलोबाइटचंच असतं, जरा रेंज मिळाली की उघडतं.

टिकण्याचं पण आहेच. फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या जुन्या तंत्रात केलेल्या सुंदर साइट्स 2020 संपताना बंद पडल्या, पण वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या पहिल्यावहिल्या वेबसाइटची जुनी प्रत सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या पत्त्यावर आजही उघडते, साध्या एचटीएमएलमुळे.

ऑनलाइन पेमेंट, बुकिंग असलं काही असेल तर मी तयार सिस्टिमच वापरतो, तिथे हट्ट नको. पण शिकायचं असेल तर डेव्ह शे यांनी 2003 मधे सुरू केलेली सीएसएस झेन गार्डन ही साइट नक्की बघा, एचटीएमएल तेच ठेवून फक्त सीएसएस बदलून वेगवेगळ्या डिझायनरांनी काय काय केलंय ते. मग एक टेक्स्ट एडिटर उघडा आणि एक हेडिंग, दोन परिच्छेद मराठीत लिहून त्यांची लाइन-हाइट मनासारखी होईपर्यंत बदलत बसा.