चवथीची वाट पाहू नका

म्हापशाहून एका वाचक भगिनीने विचारले आहे: पणजीतल्या दुकानातून ३८ हजारांना फ्रेमसकट घेतलेली, ‘हाताने रंगवलेली’ म्हणून गळ्यात मारलेली डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’ची प्रतिकृती गेल्या दिवाळीत छापील निघाली. दुकानदार म्हणतो, चवथ (गणेशचतुर्थी) होऊं दी, बदलून देतो. थांबावे का?

अजिबात नाही. बिलावर तारीख आहे २० ऑगस्ट २०२४. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत, म्हणजे २० ऑगस्ट २०२६ च्या आत, ग्राहक आयोगाकडे यावे लागते. यंदाची चवथ १४ सप्टेंबरला! फोनवरच्या आश्वासनांनी ही मुदत वाढत नाही. फसवणूक कळली त्या दिवसापासून मोजा, असा युक्तिवाद करता येईल. उशीर माफही होऊ शकतो, सबळ कारण असेल तर. पण दिवाळीपासून गप्प का बसलात, याचे उत्तर तुमच्याच पत्रात मला सापडले नाही. आयोगाला काय सांगणार?

प्रतिकृती विकणे गुन्हा आहे का, ही शंका सोडा. व्हर्मीर १६७५ मध्येच वारला. कॉपीराइटचा प्रश्नच नाही. मूळ चित्र हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे, जेमतेम दीड फूट उंच. तुमचे तीन फुटांचे ते मूळ नव्हे, हे तुम्हालाही माहीत होते. भांडण एवढेच की छापील माल हाताने रंगवलेला म्हणून विकला.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या बिलावरच्या ओळीला घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणे हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

पुराव्याचे मात्र तुम्ही वाटोळे करत आणले आहे. रंग सुटतो का पाहायला भाच्याने कोपऱ्यावर थिनरचा बोळा फिरवला म्हणे! आता फ्रेम उघडू नका, आयोग लागल्यास प्रयोगशाळेत तपासून घेईल. ‘हाताने रंगवलेले’ म्हणणारा व्हॉट्सॲप संदेश जपा आणि त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडा.

तक्रार उत्तर गोवा जिल्हा आयोगाकडे करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी वकिलाची नोटीस सक्तीची नाही, तिच्या उत्तराची वाट बघत ऑगस्ट घालवू नका. कायदा तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न करा म्हणतो; तारखा कशा पडतात ते कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारा. पैसे परत मिळण्याची आशा बरी आहे, मनस्तापाची भरपाई किती ते सांगवत नाही. चवथीनंतर दुकानदाराने खरोखरच पैसे दिले, तर तक्रार मागे घेता येते.