ओव्हरटेक 'मारला' की नुसता पुढे गेला?

प्रश्न असा आलाय की फॉर्म्युला वनबद्दल मराठीत लिहिताना 'ओव्हरटेक'ला 'मागे टाकणे' चालेल का, आणि 'डर्टी एअर'ला 'घाण हवा' म्हणावं का.

'मागे टाकणे' चालतं, पण त्यात फक्त निकाल कळतो. समोरचा टायर बदलायला पिटमध्ये गेला तरी तो मागे पडतोच की, त्यात ओव्हरटेक कुठे झाला? मी ओव्हरटेकच ठेवतो. खरी गंमत पुढच्या क्रियापदात आहे, कारण आपण ओव्हरटेक 'करतो' तसा 'मारतो' पण, आणि मारणे म्हटलं की कट मारण्यातला आगाऊपणा आणि हिंमत दोन्ही येतं.

2010 ची अबूधाबीची शेवटची रेस आठवा. पेट्रोव्हच्या रेनॉमागे अलोन्सो जवळपास 40 लॅप अडकला, गाडी जास्त वेगवान असूनही पुढे जाता येईना, सातवा आला आणि चॅम्पियनशिप वेटेलकडे गेली. घाटात ट्रकमागे रखडलेला माणूस जे म्हणतो तेच इथे बसतं, पेट्रोव्ह 'साइड देईना'! 2011 ला डीआरएस आलं (क्रिकेटमधलं नव्हे, हे ड्रॅग रिडक्शन सिस्टीम). मागचा एका सेकंदाच्या आत असला की ठरलेल्या पट्ट्यात त्याच्या मागच्या विंगची फळी उघडते, हवेचा अडथळा कमी होतो आणि गाडी सुसाट. अशा वेळी 'मारला' म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही, 'निघून गेला' बास. आता 2026 पासून डीआरएस गेलं, सरळ पट्ट्यावर सगळ्यांच्याच विंग उघडतात, आणि एका सेकंदाच्या आत असलेल्याला जादा इलेक्ट्रिक पॉवर मिळते, तिचं अधिकृत नावच 'ओव्हरटेक मोड'. म्हणजे आता ओव्हरटेक 'लावला' पण म्हणता येईल, एसी लावल्यासारखा :)

'घाण हवा' मात्र नको, नाक दाबावंसं वाटतं. पुढच्या गाडीने ताकासारखी घुसळून मागे सोडलेली हवा ती, म्हणून 'घुसळलेली हवा' म्हणा. तीच हवा सरळ पट्ट्यावर मागच्याला ओढून घेते (स्लिपस्ट्रीम) आणि वळणावर त्याचा डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर) खाते. 10 मीटर मागे असताना 2021 च्या गाडीचा साधारण 46 टक्के डाउनफोर्स जायचा, 2022 च्या नियमांनी फ्लोअरखालून हवा खेळवली तेव्हा तो आकडा 18 वर आणल्याचं सांगितलं गेलं. पुढे टीमनी डोकं लावून पुन्हा घुसळायला सुरुवात केली ते वेगळं.